डमडमच्या खोलीत रोपे वाढवणाऱ्या नलिनीताई

श्रीमती नलिनी दाबके यांची आणि माझी पहिली भेट एका तक्रारीच्या निमित्ताने झाली. आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याहून कोलकात्याला आलो होतो. माझी नोकरी न्यू टाउनमधल्या एका कंपनीत होती आणि भाड्याचे घर डमडमला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सुती साडी नेसलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई उभ्या होत्या. आमच्या न्हाणीघरातले पाणी झिरपून खाली त्यांच्या खोलीत ठिबकत आहे, असे त्यांनी स्वच्छ बंगालीत सांगितले. मला त्यातले जेमतेम अर्धे कळले. एवढ्यात माझी पत्नी रूपाली हिने आतून विचारले, "अहो, कोण आलंय? चहा टाकू का?"

बाई चटकन मराठीत म्हणाल्या, "टाका. पण आधी मला सांगा, न्हाणीघर कशानं धुता?"

छताला पडलेल्या डागाबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ठिबकणाऱ्या पाण्यात फिनेल आहे की ॲसिड, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. ते पाणी ज्या ट्रेमध्ये पडत होते, त्यात त्यांच्या रोपांची मुळे होती.

त्याच दिवशी मी खाली जाऊन त्यांची खोली पाहिली. खिडकी नावाला, तिच्यासमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. लोखंडी मांडण्यांवर पांढरे दिवे लावलेले होते आणि त्यांच्याखाली पाण्याने भरलेले पसरट ट्रे होते. माती कुठेच नव्हती. स्पंजाच्या लहान ठोकळ्यांमधून लेट्यूस, पालक, पुदिना, लाल माठ यांची बोटभर रोपे वर आली होती. माशांच्या टाकीला लावतात तसा एक पंप पाण्यात बुडबुडे सोडत होता. खोलीभर कोवळ्या कोथिंबिरीचा वास होता. बाहेर उन्हाळा असह्य झालेला असताना ती खोली मात्र नुकतीच कुणीतरी पुसून घेतल्यासारखी वाटत होती.

ताईंवरचा हा लेख वाचणाऱ्यांना, विशेषतः जे कोलकात्याबाहेर आहेत त्यांना, थोडी मागची हकीकत सांगायला हवी. ताई इथे आल्या त्या यजमानांच्या बदलीबरोबर. ते केंद्र सरकारच्या नोकरीत अधिकारी होते. पुढे दोघांनाही हे शहर सोडवेना. ताईंनी इथल्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवले. यजमान गेल्यानंतर पुण्यातल्या मुलाने पुष्कळ आग्रह केला, पण त्या डमडममध्येच राहिल्या. त्यांच्या गॅलरीत तेव्हा कुंड्यांची गर्दी होती. मग शेजारी इमारत उभी राहिली, ऊन गेले आणि एकेक कुंडी रिकामी होत गेली. त्या काळाबद्दल ताई फारसे बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, की रोज सकाळी गॅलरीत जायचे आणि काय मेले ते बघून परत यायचे, असे त्यांना आणखी करायचे नव्हते. म्हणून त्यांनी वाचले, दूरदूरच्या लोकांना प्रश्न विचारले आणि मातीशिवाय, उन्हाशिवाय, घराच्या आतल्या खोलीत रोपे वाढवायला त्या शिकल्या.

त्यांची पद्धत मी पुष्कळ वर्षे पाहत आलो आहे. बियाने स्पंजातून डोके वर काढले, की ट्रे ताबडतोब दिव्याखाली गेला पाहिजे. तिथे आळस केला, तर रोप उजेड शोधत लांबते आणि देठाचा दोरा होतो. डमडमच्या बोअरच्या पाण्यात लोह फार, बादलीत ठेवले तरी तांबूस थर बसतो. म्हणून ते पाणी गाळून घ्यायचे. सुरुवातीला नुसते पाणी द्यायचे, खरी पाने फुटली की अगदी सौम्य खताचे. लवकर मोठे व्हावे म्हणून कुणी जास्त खत घातले, तर ताई रागावत नाहीत, पण त्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावतात आणि करपलेल्या पानांच्या कडा दाखवतात. रोज सकाळी त्या प्रत्येक ट्रेवरून तळहात अलगद फिरवतात. रोपे लवतात, पुन्हा उभी राहतात, आणि त्या हालचालीने त्यांचे देठ मजबूत होतात. आल्यागेल्याला पानांचे कौतुक वाटते. ताई मात्र ठोकळा उचलून खालची मुळे बघतात. ती पांढरी आणि मोकळी असतील तरच त्यांचे समाधान होते. "पानावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो," त्या मला नेहमी सांगत, "मुळं बघ."

मराठी मंडळातल्या एका कार्यक्रमात कुणीतरी भाषणात रोपांची आणि मुलांची तुलना केली होती. ताईंनी नंतर त्यांना बाजूला घेऊन नम्रपणे सांगितले, की रोप हे रोप असते आणि मूल हे मूल, दोघांवरही असा अन्याय करू नये. तेव्हा मीही ती चूक इथे करणार नाही. जे घडले तेवढेच सांगतो.

माझे वडील अण्णा साताऱ्याकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. आई गेल्यावर ते एकटेच राहत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालावे लागे आणि वाचा बंद झाली. समोरच्याचे बोलणे त्यांना नीट कळत होते, पण उत्तर म्हणून तोंडातून शब्द निघत नव्हता. मी त्यांना कोलकात्याला घेऊन आलो. दिवसा रूपाली आणि मी कामावर, आणि त्यांच्या सोबतीला एक बंगाली आया. ज्या माणसाने जन्मभर मुलांना बोलायला आणि लिहायला शिकवले, त्याच्याभोवती आता दिवसभर न कळणारी भाषा होती, आणि स्वतःची भाषा ओठांपर्यंत येत नव्हती. हळूहळू अण्णांनी जेवण कमी केले. मग ते घास समोर आला की तोंड मिटून घेऊ लागले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी जिना उतरून बघा म्हटले, तर मान फिरवून भिंतीकडे बघत बसत. डॉक्टर म्हणाले, शरीरापेक्षा मनाचे दुखणे मोठे आहे. आम्ही दोघे घाबरून गेलो होतो. ते जगायचे सोडून देत आहेत, हे आम्हाला दिसत होते आणि काय करावे ते सुचत नव्हते.

ताईंना हे कळले तेव्हा त्या वर आल्या. अण्णांसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी तब्येतीची चौकशी केली नाही, धीराचे शब्दही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "अण्णा, माझी एक अडचण आहे. माझी नजर आता अधू झाली आहे. लेट्यूसचं बी इतकं बारीक, की मला दिसत नाही. माझं पेरणीचं काम अडलंय. मला माणूस हवाय."

अण्णांनी मान फिरवली. ताई ओल्या स्पंजाचा एक ट्रे, बियांची वाटी आणि एक चिमटा टेबलावर ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी तो ट्रे तसाच परत घेऊन गेल्या आणि नवा ठेवला. असे काही दिवस चालले. एका संध्याकाळी आम्ही घरी आलो, तेव्हा ट्रे पेरलेला होता. अण्णांनी डाव्या हाताने, चिमटा न वापरता, प्रत्येक खाचेत चिमूटभर बी टाकले होते.

ते चुकीचे होते. प्रत्येक ठोकळ्यात एकच बी हवे. ताईंनी पाहिले आणि ट्रे तसाच खाली नेला. तो उगवला तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की अण्णांनी स्वतः येऊन पाहावे, ट्रे वर आणता येणार नाही. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. अण्णा बराच वेळ दाराकडे बघत बसले. मग कठडा धरून, एकेक पायरी थांबत, ते जिना उतरले. मी हात पुढे धरून त्यांच्या मागे होतो.

रोपे एकमेकांत अडकून लांबुडकी, फिकी झाली होती. ताईंनी शेजारीच दुसरा ट्रे ठेवला होता, एकेका बियाचा. अण्णांनी दोन्ही ट्रे आळीपाळीने पाहिले. ताईंनी कात्री पुढे केली. प्रत्येक गर्दीतले एक रोप ठेवून बाकीची कापायची होती. अण्णांचा हात थांबला, पण त्यांनी कापली. त्यानंतर ते रोज खाली जाऊ लागले. ताई त्यांच्याशी दिवसभर मराठीत बोलत, उत्तराची वाट न पाहता. दुपारी अण्णा ताईंकडेच वरणभात जेवत, हे आम्हाला नंतर आयाने सांगितले.

दुसरी घटना हावड्याची. तिथल्या निराधार वृद्ध स्त्रियांच्या एका आश्रमात, सभागृहाच्या कोपऱ्यात अशीच बाग करायचे ठरले होते. त्यासाठी ताई रोपे देणार होत्या. कार्यक्रम ठरला, निमंत्रणे गेली. आणि त्याच आठवड्यात उकाडा इतका वाढला, की ट्रेमधले पाणी तापले. ताईंनी ठोकळे उचलून पाहिले तर मुळे तपकिरी आणि बुळबुळीत होऊ लागली होती. वर पाने अजून टवटवीत होती. आश्रमाच्या व्यवस्थापकांनी फोनवर विनवले, की पाहुणे येणार आहेत, दिसायला चांगली आहेत तेवढी तरी आणा. ताईंनी मान्य केले नाही. त्यांच्या टाकीत आपला रोग नेऊन सोडायचा नाही, एवढेच त्या म्हणाल्या. सगळी रोपे त्यांनी टाकून दिली. अण्णा आणि त्या दोघे मिळून ट्रे घासत राहिले. मी सुट्टी घेऊन पंप आणि नळ्या धुतल्या. इतक्या आठवड्यांची मेहनत कचऱ्यात गेलेली पाहून मला वाईट वाटत होते. ताई शांतपणे घासत होत्या.

ठरलेल्या दिवशी टॅक्सीने पूल ओलांडून आम्ही तिघे हावड्याला गेलो. बरोबर फक्त रिकामे ट्रे, स्पंज आणि बी होते. सभागृहात त्या वृद्ध स्त्रिया ओळीने बसल्या होत्या, काही चाकाच्या खुर्चीत. ताईंनी उभे राहून बंगालीत सांगितले, की रोपे आणली नाहीत, पाणी थंड ठेवण्यात त्या कमी पडल्या आणि मुळे कुजली. मग त्या म्हणाल्या, की आज सगळ्यांनी स्वतःच पेरायचे आहे. एका आजींनी अण्णांकडे बोट करून विचारले, हे कोण?

ताई म्हणाल्या, "उनि मास्टारमोशाय," आणि पुढे त्यांनी बंगालीतच सांगितले, की आज हेच शिकवतील.

हे त्यांनी अण्णांना आधी सांगितले नव्हते. बंगाली अण्णांना येत नव्हते, पण तो एक शब्द त्यांना कळला. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. आजारपणानंतर त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नव्हती. त्यांनी ताईंकडे पाहिले. मग ते खुर्चीच्या हाताला धरून उठले.

त्यांनी डाव्या हाताने ओला ठोकळा सर्वांना दिसेल असा वर धरला, टेबलावर ठेवला, चिमट्याने एकच बी उचलून खाचेत ठेवले आणि अंगठ्याने हलकेच दाबले. स्त्रियांनी तसे केले. एका आजींनी दोन-तीन बिया टाकल्या, तेव्हा अण्णांनी मान हलवून जास्तीच्या काढून घेतल्या. आजींनी विचारले, "मास्टारमोशाय, एबार ठीक आछे?" आता ठीक आहे, असा होकार अण्णांनी मानेने दिला. मग ते ओळींमधून फिरू लागले. पाय ओढत होता, पण डावा हात पाठीमागे गेला होता. वर्गात मुले पाटीवर लिहीत असताना ते असेच फिरत. मी त्यांच्या शाळेत शिकलो आहे, मला ते चालणे ठाऊक होते. मला तिथे उभे राहवेना. मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

परतताना टॅक्सीत मी ताईंचे आभार मानू लागलो, तर त्या म्हणाल्या, "अरे, आयुष्यभर शिकवलंय. बोलून बोलून माझा घसा बसला होता. बरं झालं कुणीतरी भेटलं." आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

आश्रमातली रोपे चांगली वाढली. त्या स्त्रिया स्वतः लावलेली लालशाकाची, म्हणजे लाल माठाची, भाजी खातात आणि उरलेली शेजाऱ्यांना देतात. ताईंनी मात्र त्यानंतर तयार रोपे भेट द्यायचे थांबवले. ज्यांना बाग हवी, त्यांच्याकडे त्या स्वतः जाऊन त्यांच्याच हाताने पेरून घेतात. आज या शहरात उन्हापासून वंचित अशा कितीतरी घरांत, शाळांत, इस्पितळांच्या व्हरांड्यांत त्यांच्या देखरेखीखाली रोपे वाढत आहेत. या कामाबद्दल त्यांनी कधी काही घेतले नाही आणि सत्काराला तर आत्तापर्यंत ठाम नकारच दिला होता. अमृतमहोत्सवाचे निमित्त सांगून आम्ही त्यांना कसेबसे तयार केले आहे.

त्यांची नजर आता पूर्वीपेक्षा मंद झाली आहे. ठोकळा उचलला की त्या मुळांवरून बोट फिरवून सांगतात, निरोगी आहे की नाही. शेजारी अण्णा बसलेले असतात.

अण्णांची वाचा पूर्ण परत आली नाही. प्रयत्न केला की मोजके शब्द येतात. हा लेख लिहून झाल्यावर मी तो त्यांना वाचून दाखवला, कारण खरे तर तो त्यांनीच लिहायला हवा होता. ते शेजारी बसून कागदावर नजर ठेवून होते; मास्तरांच्या सवयीने त्यांनी एके ठिकाणी बोट वर केले आणि माझी शुद्धलेखनाची चूक दाखवली. शेवटी मी ताईंना उत्तम आरोग्याच्या आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छा लिहिल्या होत्या, रीतीप्रमाणे, बऱ्याच अलंकारांसह. ते ऐकून अण्णांनी मान हलवली. मी विचारले, मग काय लिहू? त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. ओठ हलत राहिले. रूपालीही स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली.

"ताई," ते म्हणाले. मग थांबले. मग म्हणाले, "हव्यात."

मी माझा परिच्छेद काढून टाकला आहे. नलिनीताई, आपल्या पंचाहत्तरीच्या दिवशी आमच्या घराची शुभेच्छा एवढीच आहे.