यादीत नसलेली माझी मावशी

रस्त्यावरची धूळ कुणाच्या मालकीची असते?

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. घरातली पहिली ग्रॅज्युएट. मला उत्तर येत नाही.

माझी कमलमावशी झारेकरी होती. जळगावच्या सराफ बाजारात कारागिरांच्या दारातली धूळ झाडायची, गटारातला गाळ घमेल्यात भरायची आणि घरी आणून परातीत धुवायची.

तळाशी उरायचे सोन्याचे कण. कानस मारताना उडालेले, कुणाच्या लक्षातही न आलेले.

आई गेल्यावर तिने मला त्या कणांवर वाढवलं. फी, हॉस्टेल, ड्रॉइंग बोर्ड, सगळं त्या परातीतून आलं.

"बठ्ठं सोनं दुकानमा नही ऱ्हास वं माय," ती तिच्या अहिराणीत म्हणायची. "थोडं आपलासाठे बी पडस."

मग कारागिरांच्या त्या गल्लीच्या जागी बिझनेस सेंटर यायचं ठरलं. काचा, लिफ्ट, बँकांच्या शाखा, बेसमेंट पार्किंग. कारागीर वरच्या मजल्यावर.

सर्व्हे आमच्या कंपनीकडे आला. मावशीच्या गल्लीचा फॉर्म माझ्या हातात.

गल्लीवर पोट असलेल्या प्रत्येकाची यादी करायची होती. यादीत नाव असेल त्यालाच नव्या इमारतीचा पास.

दुकानदार लिहिले. पॉलिशवाले लिहिले. कुलूप दुरुस्त करणारे चाचासुद्धा लिहिले.

कोपऱ्यावर मावशी गटारात हात घालून बसली होती. कोपरापर्यंत काळी.

सोबत आलेल्या कंपनीच्या सरांनी विचारलं, "ही बाई कोण?"

मी म्हणाले, "सफाईवाली असेल, सर."

मावशीने ऐकलं. मान वर न करता म्हणाली, "मॅडम, जरा सरका. कपडे खराब होतील."

आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याशी शुद्ध मराठीत बोलली.

घरी मी रडले. तिने ताटात भाकरी वाढली. "रडू नको वं. तुना बूट नवा व्हतात."

बस. एवढंच.

यादी दुरुस्त करायला अजून चार दिवस होते. मी केली नाही. सरांना कारण सांगावं लागलं असतं.

इमारत उभी राहिली. मावशी खराटा घेऊन गेटवर गेली. सिक्युरिटीने पास मागितला. ती दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी खराटा दाराआड ठेवला, तो ठेवलाच.

आणि मी? उद्घाटनाचे फोटो याच प्रोफाइलवर टाकले. 'प्राउड मोमेंट' लिहून. तुम्ही अभिनंदन केलंत, मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

शेवटी दम्याने तिला उठवेना. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसात धूळ साठली आहे."

मावशी हसली. "धुई पाहा, साहेब. त्यामा बी सोनं व्हई."

काल तिचा दहावा झाला. तिच्याबरोबर झाडणाऱ्या पाच जणी आल्या होत्या. त्यांचीही नावं यादीत नव्हती; त्या अजूनही रोज गेटबाहेर उभ्या राहतात. माझ्याशी एकही बोलली नाही.

मावशी, तुला श्रद्धांजली वाहायला मला तोंड नाही. पण जा आता, सुखाने जा.

आज सकाळी प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी दिलं: यादी मी केली होती, ती जाणूनबुजून अपुरी आहे. खाली सहा झारेकरणींची नावं. पहिलं कमलमावशीचं. पुढे लिहिलं, 'सर्वेक्षण करणारीची मावशी'.

सरांनी वाचलं. "हे आत गेलं तर तुझी नोकरी राहील का?"

राजीनामा त्या अर्जालाच जोडला होता. दोन्हींची पोच घेऊन मी बाहेर पडले.