कॉफीआधीचा तास
हॉस्टेलच्या मेसमधून सकाळी कॉफीच्या डिकॉक्शनचा, त्या दाट काळ्या अर्काचा वास आला, की मला ओरत्तनाडूच्या आमच्या घरातली एक सकाळ आठवते. माझं शरीरच थायरॉइडशी भांडतंय असं डॉक्टर म्हणाले होते, आणि दोन महिने गोळी घेऊनही रिपोर्ट सुधारत नव्हता. अम्मा ती गोळी, लोहाची, कॅल्शियमची, सगळ्या एकदम कॉफीबरोबर द्यायची. औषध पोटात गेलं म्हणजे झालं, असं तिला वाटायचं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, कॉफी तासाभराने, बाकीच्या गोळ्या चार तासांनी, असं डॉक्टरांनी तिला पुन्हा समजावलं. दुसऱ्या दिवशी मी गोळी घेतली. फिल्टरमध्ये डिकॉक्शन उतरलं होतं, दूधही तापलं होतं, पण कॉफीवाचून जिचं डोकं दुखतं ती अम्मा माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. “तू पी गे अम्मा,” मी म्हणाले. “तुज नको ते मज कशाला? एक तासच की,” म्हणत ती कपाळ दाबत बसून राहिली. आता इथे तंजावूरला मी सगळ्या गोळ्या वेळेवर घेते आणि तो तास एकटीच काढते. अम्मा अजून तशीच थांबते का, हे फोनवर विचारावंसं वाटतं, पण विचारवत नाही.