सहाव्या गटातलं अक्षर

सुदर्शन लांजेवारला मी कधी एका जागी चहा संपवताना पाहिलं नाही. अर्धा कप दारात, अर्धा जिन्यात. १९९६ साली तो भंडाऱ्याहून पुण्यात आला आणि पाषाणला आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागला. बायको भाग्यश्री, आणि पुढच्या वर्षी झालेली स्वराली. त्या दिवसांत आमच्याकडची सगळी तरुण मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होती. त्याचा मेहुणा तेजस दर रविवारी येऊन बजावायचा, "भाऊजी, चार अक्षरं वाचून करिअर होत नसतं. जावा शिका."

चार अक्षरं हे खरंच होतं. सुदर्शन एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होता. रक्तातून डीएनए काढून, बरेच सोपस्कार केल्यावर तिथे एक्स-रेसारखी फिल्म हाती येई. तिच्यावर ए, सी, जी, टी अशा चार उभ्या रांगा आणि त्यांत बारीक काळ्या पट्ट्या. खालून वर जायचं. पट्टी ज्या रांगेत, ते अक्षर. एकाने मोठ्याने सांगायचं, दुसऱ्याने लिहायचं. फिल्म एकट्याने वाचायची नाही आणि घरच्या माणसाची तर नाहीच, असा तिथला नियम.

या अक्षरांचा अर्थ त्याने मला जिन्यातच समजावला होता. तीन अक्षरांचा एक गट. एका गटावरून प्रथिनातला एक घटक ठरतो, आणि गट ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने शरीर ते घटक जोडत जातं. काही गटांचा अर्थ 'इथे थांबा' एवढाच. मला माझ्या शाळेतल्या, प्रार्थनेला तीन-तीनच्या ओळींत उभ्या राहिलेल्या मुली आठवल्या. मधली एक निघून गेली की मागची प्रत्येक जण पुढे सरकते आणि एकही ओळ पहिल्यासारखी राहत नाही. "अगदी तसंच, बाई," म्हणत तो खाली पोचलाही.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत स्वरालीचा ताप आठ दिवस उतरेना. दवाखान्यातल्या तपासणीत रक्तात सिकलसेल दिसला. बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं तर जन्मभराचं दुखणं. एकाकडूनच आलं तर मूल नुसतं वाहक, तब्येतीने ठणठणीत. सुदर्शन आणि भाग्यश्री दोघंही वाहक. पोरीचं काय, ते सांगणारा रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. पण भंडाऱ्याकडच्या कुटुंबांचे नमुने प्रयोगशाळेतही आले होते, त्यांत या तिघांचे होते, आणि स्वरालीची फिल्म शनिवारीच तयार झाली.

सगळा फरक एका अक्षराचा. हिमोग्लोबिनच्या जनुकात सुरुवातीचा गट सोडून सहाव्या गटात जी-ए-जी हवं. मधल्या 'ए'च्या जागी टी आला की एक घटक बदलतो आणि रक्तपेशी विळ्यासारखी वाकते.

शनिवारी सकाळी सातला, कोणी यायच्या आत, त्याने एकट्याने ती फिल्म वाचून कागदावर उतरवली. सहाव्या गटाच्या मधोमध ना ए मिळाला ना टी. तिथे भलतीच तीन अक्षरं होती. पुढचे गट पाडत गेला तर अठरावा निघाला टी-जी-ए. म्हणजे थांबा. जिथे दीडशेच्या आसपास घटक जुळायचे, तिथे सतरावरच काम बंद. फिल्म खणात टाकून तो मोपेडवर बसला आणि थेट खडकवासल्याला गेला. धरणाशी पाच मिनिटंही थांबवेना. तिथून स्वारगेट, तिथून मार्केट यार्ड, ट्रकांच्या गर्दीतून उगाच एक फेरी, पुन्हा पाषाण. घराच्या गल्लीशी येऊन दोनदा मागे वळला. वर जाऊन भाग्यश्रीला काय सांगायचं, ते सुचत नव्हतं.

तीनला तो प्रयोगशाळेत परतला. कुसुमताई आगाशे तिथल्या सर्वांत जुन्या. त्यांनी चेहरा पाहिला, कागद पाहिला.

"लांजेवार, जे तुमच्यात नाही, वहिनींच्यात नाही, ते पोरीत कुठून येईल? आणि नियम काय भिंतीच्या शोभेला लावलाय?"

त्यांनी त्याच्या हातात पेन्सिल दिली आणि फिल्म दिव्यावर धरली. "मी सांगते. तुम्ही फक्त लिहायचं."

ए, सी, टी. सी, सी, टी. सुदर्शनची पेन्सिल थांबली. त्याच्या सकाळच्या कागदावर तिथे एकच सी होता.

"दोन?"

"दोन. चिकटून आहेत. घाईत एकच दिसतो. एक गळला की मागचे सगळे गट सरकतात." ताई वर सरकल्या. "जी. आता इथे..." त्यांनी भिंग घेतलं. बराच वेळ घेतला. "एही आहे आणि टीही आहे. दोन पट्ट्या, एकाच उंचीवर. तुम्ही ठळक तेवढी लिहिलीत."

एक अक्षर एकाकडून, दुसरं दुसऱ्याकडून. स्वराली वाहक होती.

घरी पोचून त्याने खडकवासल्यासकट सगळं भाग्यश्रीला सांगितलं. ती पोरीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती.

"म्हणजे माझ्यासारखीच ना?"

"हो."

"मंग दिवसभर एकट्यानंच कायले फिरले? मी मेली होती काय?"

सोमवारी तो सकाळी सहापासून दवाखान्यात जायला तयार होता. पोरीला माझ्याकडे ठेवून भाग्यश्री त्याच्या मागे मोपेडवर बसली. रिपोर्ट आधी तिने हातात घ्यायचा, असं ठरलं होतं.