बोळवणीतलं नाव

धावड्याच्या गिरिजाबाई कापूस वेचताना गायच्या, भाकरी थापताना गायच्या, गोठ्यात म्हशीला चारा टाकतानाही गायच्या. पण मुळाचं, म्हणजे बोलावण्याचं, गाणं मात्र त्यांच्या तोंडून कुणी उगाच ऐकलं नव्हतं. ते फक्त लग्नघरी, हळद दळताना म्हणायचं. घरातल्या गेलेल्या माणसांना त्यात एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं असतं. मांडव उतरला की बोळवणीच्या ओव्या म्हणून, पुन्हा नावानिशी, त्यांना परत पाठवायचं. शिकवताना सासूनं बजावलं होतं, "बोलावलेल्याची बोळवण चुकवू नको. ते माणूस रिकाम्या हातानं जात न्हाई."

त्यांची नात तृप्ती जालन्याला कॉलेजात होती. तिची मैत्रीण रुची 'सातशे वर्षांची गाणी' नावाचा कार्यक्रम बसवत होती. लोक पिढ्यान्‌पिढ्या जे गात आले ते सगळं एका मंचावर, जात्यापासून गिटारीपर्यंत. तृप्तीनं परस्पर आजीचं नाव देऊन टाकलं. गिरिजाबाईंनी आठ दिवस नन्नाचा पाढा लावला. घरात लग्न नाही, कुणाला कशासाठी बोलवू, म्हणाल्या. शेवटी तृप्ती म्हणाली, "आजी, तुझ्यामागं हे कोण म्हणंल? मला तर येत न्हाई." तेवढं मात्र त्यांना लागलं. बोळवण पुरी म्हणू द्यायची, या एका अटीवर त्या तयार झाल्या.

रविवारी दुपारी मुलगा सोमेश्वर दोघींना पिकअपमधून जालन्यात, स्टेशनजवळच्या सभागृहाशी सोडून गेला. तो तीर्थपुरीकडून मोसंबीची रोपं घेऊन सहाला परत येणार होता. जाताना त्यानं नेहमीसारखी टिंगल केली, "माय, माईक खाऊ नको बरं का."

मंचावर भारूड झालं, डफावरचा पोवाडा झाला, लावणी झाली. पुढे नाटकातली पदं, मग जुन्या सिनेमातली गाणी. गिटारवाली पोरं कडेला नंबराची वाट बघत होती. मध्येच गिरिजाबाईंना बोलावलं. त्या जात्यापाशी बसल्या, खुंट्याला हात लावला आणि दचकल्या. जातं थर्माकोलचं होतं. अंगठ्यानं दाबलं तर वरच्या पाळीला खड्डा पडला.

खऱ्या जात्याला वजन असतं. एक फेरा ओढेपर्यंत दम लागतो, आणि त्या दमात पुढचं नाव नीट आठवून घेता येतं. इथं हात वाऱ्यासारखा फिरला आणि जीभ हाताच्या मागे धावली. नावं नेहमी जोडीनं यायची. सासऱ्यांचं, साहेबरावांचं नाव आलं, त्यांच्या जोडीला त्यांच्या भावाचं आलं. मग धन्याचं. पुंजारामांना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून घरात लग्न नव्हतं, म्हणून त्यांचं नाव या गाण्यात पहिल्यांदाच येत होतं. त्याला अजून जोडी बसली नव्हती.

*मांडवाच्या दारी टाकिला गं पाट*
*पुंजाराम धनी, बघते मी वाट*

हात थांबला नाही. लग्नाच्या पत्रिकेत, पूजेच्या संकल्पात, सातबाऱ्यावर बापामागून लेकाचं नाव यायचं, तसंच ते आलं.

*मांडवाच्या दारी टाकिला गं पाट*
*सोमेश्वर बाळ, बघते मी वाट*

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गिरिजाबाईंच्या ध्यानात आलं. जित्या लेकाला त्यांनी गेलेल्यांच्या पंगतीत बोलावलं होतं.

मूळ आणि बोळवण यांच्या मधे संबळ वाजणार होता. त्या विंगेत गेल्या आणि तृप्तीला म्हणाल्या, बापाला फोन लाव. फोन आवाक्याबाहेर होता. पुन्हा लावला, तरी तेच. तृप्ती म्हणाली, अगं, रस्त्यात रेंज जाते. गिरिजाबाई पदराच्या टोकाला दोन्ही हात पुसत राहिल्या. संबळ जोरात वाजत होता.

बोळवणीत सोमेश्वराचं नाव घेतलं तर आपल्याच तोंडानं त्याला त्या वाटेला लावल्यासारखं. नाही घेतलं तर बाकीचे जातील आणि त्याचा पाट मांडलेलाच राहील. सासू असती तर विचारलं असतं. त्यांनी डोळे मिटून कुलदेवीला हात जोडले. उघडले तेव्हा चेहऱ्यावरचा घाम वाळला होता.

"आजी, ठीक हाय ना?" तृप्तीनं विचारलं.

"बराबर हाय," म्हणाल्या आणि मंचावर गेल्या.

या वेळी त्यांनी खुंट्याला हात लावला नाही. सावकाश, एकेक नाव नीट उच्चारून, बोळवण म्हटली. कार्यक्रम पुढे गेला, गिटारवाली पोरं आली, लोक उठून नाचायला लागले.

सहाला सोमेश्वर दारात उभा होता. शर्टाला माती लागली होती. ट्रक अंगावर आला, त्यानं गाडी रस्त्याखाली घातली, दोन रोपं मोडली, असं त्यानं हसत सांगितलं. गिरिजाबाईंनी त्याच्या दंडाला हात लावून पाहिला. "चल घरी," एवढंच म्हणाल्या.

वाटेत तृप्तीनं रुचीनं मोबाइलवर पाठवलेलं आजीचं गाणं लावलं; मंचामागून तिला ते नीट ऐकू आलं नव्हतं. आपलं नाव आलं तसा सोमेश्वर हसला. "मलाबी बोलावलं का माय?" तृप्तीचा चेहरा उतरला. नावं कुणाची असतात ते तिला माहीत होतं. ती बंद करायला गेली, तर आजीनं तिचा हात धरला.

"पुरं होऊ दे. अर्धं ठेवू न्हाई."

संबळ संपला. बोळवणीत साहेबराव गेले, त्यांचे भाऊ गेले. सोमेश्वर आपल्या नावाची वाट बघत होता. ते आलं नाही.

*जेवून धाले सारे, मांडव झाला रिता*
*पुंजारामासंगं गिरिजा निघं आता*

सोमेश्वरनं गाडीचा वेग कमी केला. गिरिजाबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि तृप्तीच्या मुठीत ठेवली. मला शेवटी नेसवायला कपाटात हिरवं लुगडं आहे, तेवढं लक्षात ठेव, म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत बसल्या.