सेंगीचं नाव आणि बिर्याचं

अराबुकोच्या जंगलाकडेला राहणाऱ्या बिर्यानं एका जनावराला जगभर नाव मिळवून दिलं, आणि त्याच्या स्वतःच्या नावाला घरात जागा उरली नाही.

जनावर तरी केवढं! मांजराच्या पिलाएवढं, सतत वळवळणारं लांब नाक, पिवळं ढुंगण. त्याचा अभ्यास करायला आलेल्या परदेशी बाईला बिर्या पाचोळ्यातल्या वाटा दाखवत असे. बाई त्या जनावराला चिचुंद्री म्हणाली तेव्हा बिर्या वैतागला.

"चिचुंद्री घाण मारते, बाई. ह्याचं नाव 'सांगे'. स्वाहिलीत सगळे हेच म्हणतात."

"म्हणजे काय?"

"ते मेलेल्यांना विचारा. आजोबा म्हणायचे, म्हणून मी म्हणतो. नाव वरून खाली येतं, आजोबाचं नातवाला. मी माझ्या आजोबांचा बिर्या, माझा नातू माझा बिर्या."

बाईनं लिहून घेतलं. पुढे पुस्तकांत सांगेचं सेंगी झालं.

नातवाची वाट बघता बघता बिर्याचे केस कापसासारखे झाले. त्या वर्षी गावात दोन पोरं तापानं गेली. म्हातारा बिर्या एकटाच जंगलात जातो, पाचोळ्याशी पुटपुटतो. झालं, लोकांना चेटक्या सापडला! तापाला कोण जाब विचारणार? चोर सोडून संन्याशाला फाशी. पांढरे केस बघून शेजारच्या म्हाताऱ्याला कोयत्यानं तोडलं, तेव्हा बिर्याचा मुलगा फोंडो बाजारातून केस काळे करायची पुडी घेऊन आला. बिर्यानं ती मुकाट्यानं लावली.

दुसऱ्या दिवशी माडीच्या गुत्त्यावर बोलणं सुरू झालं, "बघितलंत? म्हातारा जवान होतोय. कुणाचं आयुष्य खातोय कोण जाणे!"

फोंडोनं बापाला पहाटेच दूरच्या गावी, अशाच हाकललेल्या म्हाताऱ्यांच्या आसऱ्याच्या घरात नेऊन सोडलं. "बाबा, मुलगा झाला की तुमचंच नाव ठेवतो," असं तो निघताना म्हणाला. त्या एका वाक्यावर बिर्यानं आठ महिने काढले.

मुलगा झाल्याचं कळलं तसा तो चालत निघाला. दुपारी घराजवळच्या काजूखाली येऊन थांबला. अंगणात सून पोराला खेळवत होती.

"न्गाला! अरे न्गाला, हस की रे माझ्या राजा!"

न्गाला तिच्या बापाचं नाव.

फोंडो धावत आला. त्याला वर बघवेना. "काय करू, बाबा? बिर्या म्हटलं की चेटक्याचं पोर म्हणून लोक त्याच्या तोंडाकडे बघतात."

बिर्यानं अंगणाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं केलंस. पुढेही न्गालाच म्हण."

सुनेनं पोराच्या तोंडावर पदर ओढला होता. त्यानं चेहरा दाखव म्हटलं नाही.

परतीच्या वाटेवर पाचोळ्यातून एक सेंगी सुर्रकन गेलं. बिर्याच्या ओठांवर 'सांगे' हे जुनं नाव आलं. पण पुढे दोन माणसं लाकडं तोडत होती. त्यांनी ऐकलं तर म्हणतील म्हातारा पुटपुटतो, म्हणून बिर्यानं तोंड मिटून घेतलं.