सहाची हजेरी

मार्सीचे फोन येणं बंद झालं, तरी तिचा आवाज वर्नाच्या स्वयंपाकघरात रोज यायचा. लेक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात कामाला. कुठं आग लागली की बंबवाल्यांना वायरलेसवर तीच हाका मारणार, आणि आई ओट्यावरच्या, वायरलेसचं बोलणं नुसतं ऐकवणाऱ्या जुन्या स्कॅनरपाशी बटाटे सोलत ऐकणार. बापाच्या अंत्यविधीच्या दिवशीच दोघींचं वाजलं, त्याला आता तीन वर्षं होत आली. दोघी एकाच माळेचे मणी. माघार घ्यायची कुणी?

या उन्हाळ्यात जिल्ह्यानं नवी वायरलेस यंत्रणा आणली आणि तो स्कॅनर मुका झाला. वर्नानं घाईघाईनं स्वस्तातला एक टपालानं मागवला. त्यातून नुसती खरखर. शेवटी तो पिशवीत घालून ती ड्वेनच्या दुकानात गेली.

"अहो काकू, बायका नवरा करतानासुद्धा चार ठिकाणी चौकशी करतात!" ड्वेन हसला. दुकान सांभाळून तो गावच्या बंबावर बिनपगारी जायचा. "आता एकच बोलणं चार मनोऱ्यांवरून एकदम सुटतं. तुमच्या या यंत्रात त्याची खिचडी होते. हा दुसरा घ्या, याला झेपतं. पण ऐकायचंय काय? पोलिसांच्या बोलण्याला कुलूप लागलंय. कितीही भारी यंत्र आणा, ते उघडायचं नाही. बंबाचं तेवढं मोकळं आहे."

"बंबाचंच," वर्ना म्हणाली, आणि तिची तिलाच लाज वाटली. कुणाचं तरी घर पेटावं, म्हणजे आपल्याला लेक ऐकू यावी!

ड्वेननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. "थांबा जरा. सहाची हजेरी होईल."

रोज संध्याकाळी सहाला कक्षातून एकेका गावच्या बंबाला हाक जाते आणि जो तो ओ देतो. यंत्र बोलायला लागलं. मार्सीच होती. गावांची नावं घेता घेता ती मध्येच खोकली.

"सर्दी अंगावर काढतेय," वर्ना पुटपुटली. "लहानपणापासून अशीच. सांगितलेलं ऐकेल तर शपथ!" तिचे डोळे भरून आले. शेवटच्या गावानंही ओ दिली. "ड्वेन, याच्यात बोलायचं बटण कुठंय रे?"

स्कॅनरला तसलं बटण नसतं, हे जन्मभर स्कॅनर ऐकलेल्या वर्नाला ठाऊक होतं. ड्वेननं दुकानातला फोन तिच्यापुढं सरकवला.

वर्नानं तो परत त्याच्याकडे सरकवला.

"आत्ता नको, कामावर आहे ती," ती म्हणाली, आणि तेवढं यंत्र बांधून द्यायला सांगितलं.