दिवा लागला, तरी ड्राइव्ह दिसेना

मैत्रिणींनो, या गटात मी एरवी केवळ वाचते. आज मात्र लिहावेसे वाटले.

माझा जुना लॅपटॉप अलीकडे मध्येच बंद पडतो. एम. ए.च्या प्रबंधासाठी सिंदेवाहीकडच्या बायांकडून ध्वनिमुद्रित केलेली भाताच्या रोवणीची गाणी त्यातच आहेत, दुसरी प्रत नाही. त्यांतील एक बाई आता हयात नाहीत. म्हणून नवा ड्राइव्ह घेऊन आज विहाराच्या अभ्यासिकेत बसले.

ड्राइव्हच्या वायरची दोन्ही टोके बारीक आणि लॅपटॉपचे पोर्ट जुने, रुंद. मग मोबाइलच्या चार्जरची, एका टोकाला रुंद असलेली वायर लावून पाहिली. ड्राइव्हचा दिवा लागला, पण लॅपटॉपवर काहीच दिसेना. नवा ड्राइव्हच खराब निघाला, असे समजून मी नुसती बसून राहिले. अभ्यासिकेत बोलायचे नाही, हा नियम माझ्यासारखीला सोयीचाच.

शेवटी शेजारी बसलेल्या रुखसारला खुणेने बाहेर बोलावले आणि अडचण सांगितली.

"मंग मले काऊन नाई विचारलं? मले वाटलं, तू ध्यान करून राह्यली," ती हसून म्हणाली. "थे वायर नुसती चार्जिंगची आहे. त्याच्यातून फाइल नाई जात. माही घे."

तिची वायर लावताच ड्राइव्ह दिसला. जुन्या पोर्टमुळे वेळ बराच लागला, पण सगळी गाणी उतरली. खात्रीसाठी एक ऐकले. त्या बाईंचा आवाज स्वच्छ आहे.

तुमच्याही जुन्या लॅपटॉपमध्ये कुणाचा आवाज एकाच प्रतीत अडकला आहे का? वायर जुळत नसेल तर येथे विचारा. मी उत्तर देईन.